५१२ च्या यादीत नसलेले

आपल्या कुठल्याही बैठकीत वर्तमानपत्रांचा विषय निघाला की कुणीतरी उठतो आणि ५१२ चा आकडा फेकतो. २००६ साली मुंबईत लॅक्मे फॅशन वीक झाला. तिथं ५१२ पत्रकार रीतसर नोंदणी करून हजर होते. मॉडेलच्या अंगावर सुती कपडे होते, आणि तो कापूस पिकवणारा माणूस विमानानं तासाभराच्या अंतरावर, आपल्या विदर्भात जीव देत होता. ते मरण पाहायला बाहेरून येऊन मुक्काम ठोकलेले पत्रकार अर्धा डझनही नव्हते. ही तुलना पी. साईनाथ यांची. ती ऐकली की टाळ्या पडतात, भाषण करणारा पाणी पितो, आणि पुढचा मुद्दा सुरू होतो.

टाळी मीही वाजवतो. ज्या काळात इंग्रजी पेपरवाल्यांना वर्धा आणि वार्धा यातला फरक कळत नव्हता त्या काळात साईनाथ इथल्या गावागावांत फिरले. 'दुष्काळ आवडे सर्वांना' वाचून आपल्यातली कितीतरी पोरं लिहायला लागली. शेट-सावकार आणि मंत्री-संत्री यांच्या पंगतीत बसून अग्रलेख खरडणाऱ्या संपादकांच्या जातकुळीतला हा माणूस नाही. म्हणूनच त्यांच्या तुलनेला सवाल विचारायचा. दुश्मनाच्या आकड्याला तर आपण दररोज शिव्या घालतो. दोस्ताच्या आकड्याची उलटतपासणी कोण करणार? आणि ती आपण केली नाही तर तो आकडा आपल्याच मुंडक्यावर मिरे वाटायला लागतो.

सवाल साधा आहे. त्या तुलनेच्या एका पारड्यात ५१२ पत्रकार आहेत. दुसऱ्या पारड्यात मेलेला शेतकरी आहे. हे दोघं पारड्यात कुणी बसवले? त्यांची यादी कुठून आली?

५१२ ची यादी फॅशन वीकच्या आयोजकांची. ज्याच्या गळ्यात पास, तो पत्रकार. ठीक. आता दुसरं पारडं बघू. मेलेला माणूस शेतकरी होता हे कुणी ठरवलं? पोलीस ठाण्यानं, तलाठ्यानं, तहसीलदारानं आणि जिल्हाधिकाऱ्याच्या कमिटीनं. म्हणजे पेपरवाल्यांना धारेवर धरणारा पत्रकार, पेपरवाले ज्या दारातून बातमी आणतात त्याच दारातून आपला आकडा आणत होता. दार एकच. फरक एवढाच की पेपरवाले तिथं खुर्ची घेऊन बसतात आणि साईनाथ तिथं भांडायला गेले. भांडण खरं होतं. दार मात्र सरकारीच होतं.

त्या दाराची रीत सांगतो. वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात जा, देवळी घ्या, सेलू घ्या, समुद्रपूर घ्या. माणूस मोनोक्रोटोफॉस पिऊन मेला. पोलीस पाटील ठाण्यात खबर देतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. त्या नोंदीत मयताचा धंदा लिहायचा असतो. तो लिहिताना विचारतात, जमीन होती का? सातबाऱ्यावर नाव असेल तर शेतकरी. नसेल तर मजूर, नाहीतर 'इतर'. ठाण्यातला तोच धंदा जिल्ह्यातून मुंबईला जातो, मुंबईतून दिल्लीला जातो, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या जाड पुस्तकात आकडा होऊन बसतो. दुसऱ्या वाटेनं तलाठी पंचनामा करतो. राज्य सरकारच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी तीन गोष्टी बघतात. जमीन त्याच्या किंवा घरच्यांच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, आणि वसुलीचा तगादा होता का. तिन्ही जुळलं तर 'पात्र'. नाहीतर 'अपात्र'. मेल्यावरसुद्धा माणसाला परीक्षा आहे, आणि त्यात नापास होणारे कोण ते वेगळं सांगायला पाहिजे का?

ज्यानं दोन एकर मक्त्यानं केलं, मक्ता तोंडी ठरला, कर्ज कृषी केंद्रवाल्याकडून बी-खताच्या रूपात उधार घेतलं, त्याच्याकडे एकही कागद नाही. तो अपात्र. गायरानावर बापाच्या काळापासून वावर कसतो, त्याच्या नावापुढे सरकारी दप्तरात अतिक्रमण लिहिलंय. तोही अपात्र. जी बाई पहाटेपासून पऱ्हाटीत वाकून कापूस वेचते, जिच्या बोटांना बोंडांची टोकं टोचून टोचून घट्टे पडलेत, तिला किलोमागे वेचणी मिळते आणि दप्तरात ती 'घरकाम' असते. तिनं विहिरीत उडी घेतली तर घरगुती भांडण. सालदार मेला तर दारू. आपल्या वस्तीतली मरणं अशी एकेक करून पुस्तकातून गळून पडतात, चाळणीतून कोंडा पडावा तशी. आणि जे उरतं त्याला शेतकरी आत्महत्या म्हणतात.

साईनाथांना हे माहीत नव्हतं काय? होतं. त्यांनी ते लिहिलंही आहे. २००७ साली मद्रासच्या विकास अध्ययन संस्थेतले के. नागराज यांचा अभ्यास घेऊन त्यांनी दाखवलं की १९९७ ते २००५ या नऊ वर्षांत देशात जवळपास दीड लाख शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. आणि बायका, दलित, आदिवासी यांच्या नावावर जमीन नसते म्हणून ते शेतकरी म्हणून मोजलेच जात नाहीत, खरा आकडा याहून मोठा आहे, हेही ते वारंवार सांगत आले. माझी तक्रार पुढची आहे. आकडे मांडताना ज्या गळतीची ते आठवण देतात, ती गळती माध्यमांवरच्या आरोपपत्रात दिसत नाही. तिथं कापूस पिकवणारा एकसंध उभा राहतो. जमीनवाला आणि बिनजमिनीचा, मालक आणि सालदार, पाटलाचा वाडा आणि आपला बुद्धवाडा, सगळे एकाच 'शेतकरी' नावाच्या धोतरात गुंडाळलेले. फॅशनच्या मंचासमोर उभं करायला ते चित्र सोयीचं पडतं. पण गावात ते चित्र नाही. गावात कापूस पिकवणारा एक, वेचणारा दुसरा आणि विकणारा तिसरा असतो, आणि पट्टी त्या तिसऱ्याच्या नावानं फाटते.

त्याच सुमारास आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या डोरली गावानं 'गाव विकणे आहे' म्हणून जाहीर केलं. बातमी देशभर गाजली. गाजायलाच पाहिजे होती, गावावर तशी पाळीच आली होती. पण दोस्तहो, गाव विकायला निघतं तेव्हा खरेदीखतावर सह्या कुणाच्या? ज्याच्या नावावर गुंठा नाही त्यानं काय विकायचं? त्यानं आपले दोन हात तर कधीचेच विकलेत, दररोज सकाळी, गावच्या चौकात, रोजीच्या भावानं. गाव विकल्यावर तो नव्या मालकाचा की जुन्याचा? हा सवाल विचारायला कॅमेरा लागत नाही. वस्तीत जाऊन बसावं लागतं.

२००६ च्या जून-जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, आपल्या जिल्ह्यातल्या वायफडलाही येऊन गेले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. थकीत कर्जावरचं ७१२ कोटींचं व्याज माफ, सिंचन, बियाणं, जनावरं. ज्याचं बँकेत खातं त्याला व्याजमाफी. ज्याचं खातं फक्त किराणा दुकानाच्या वहीत, त्याला काय? पॅकेज ज्या पुराव्यांवर उभं राहिलं ते पुरावे जमीनवाल्यांचे होते, म्हणून पैसाही जमिनीच्या उतारानं वाहत गेला. याला म्हणतात साधनांचा प्रश्न. बातमीचं साधन कोणतं हा काही पत्रकारितेच्या वर्गातला नाजूक विषय नव्हे. साधन चुकलं की पैसा चुकीच्या घरात जातो आणि मढं बिनहिशोबाचं राहतं.

आता २०१४ कडे या. त्या वर्षापासून गुन्हे नोंद विभागानं शेतमजुरांचा रकाना वेगळा केला. २०१३ ला शेतीतल्या आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ ला शेतकऱ्यांच्या एकदम ५,६५० झाल्या. सरकारनं आकडा अर्ध्यावर आणला म्हणून साईनाथांनी आरडाओरड केली, आणि ती बरोबर होती. रकाने हलवून मढी लपवण्याचा तो डाव होता. पण त्याच पानावर शेजारच्या रकान्यात काय लिहिलं होतं? शेतमजूर ६,७१०. शेतकऱ्यांपेक्षा जास्त! सरकारनं लपवण्यासाठी उघडलेल्या रकान्यात आपली माणसं पहिल्यांदा दिसली. मी तो आकडा पाहिला तेव्हा घोटाळ्याचा संताप तर आलाच, पण त्याहून मोठा धक्का हा होता की इतकी वर्षं हे कुठं होते? आणि पुढं बघा. २०२२ साली शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजूर पुन्हा वर. तरी मथळा अजून 'शेतकरी आत्महत्या' हाच. माध्यमांवर टीका करणाराही तोच मथळा घेऊन माध्यमांना झोडतो. मथळा छापणारा आणि मथळ्याला झोडणारा, दोघांच्या तोंडी शब्द एकच.

दुसरी गोष्ट. ती तुलना आपल्या बैठकीत पोचेपर्यंत तिच्यातला एक शब्द गळून पडतो, 'बाहेरून'. मग उरतं काय, तर विदर्भात पत्रकारच नव्हते! होते ना बाप्पा. तालुक्या-तालुक्याला वार्ताहर होते आणि आहेत. तो पेपरचा एजंटही असतो, जाहिरातीही गोळा करतो, नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी आणली तर त्यावर कमिशन घेतो. त्याला पगार नाही, बातमीमागे चिल्लर आहे. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध तो बातमी कशी देईल? वर्ध्यातलं मरण आधी त्याच्या हातून जातं. तो काय लिहितो, कुणाला विचारून लिहितो, काय गाळतो, हा माध्यमटीकेचा पहिला धडा असायला पाहिजे. पण मुंबई-दिल्लीच्या ५१२ ना शिव्या घातल्या की इथला वार्ताहर, त्याचा जिल्हा संपादक आणि त्याला पुड्या सोडणारा ठाणेदार तिघंही निवांत सुटतात. लांबच्या चोराला शिवी देणं स्वस्त असतं. जवळच्या चोराचं नाव घेतलं की उद्या रोजी बंद.

खैरलांजीच्या वेळी हेच झालं. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यात सुरेखा भोतमांगे आणि तिची तीन मुलं मारली गेली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाच्या पन्नाशीला लाखोंचा समुदाय जमला होता. ती माणसं आली तशी परत गेली. पुढं नोव्हेंबरात जेव्हा नागपूर, अमरावती, यवतमाळ रस्त्यावर उतरलं, तेव्हा मोठ्या पेपरांना जाग आली, आणि गृहमंत्री आर. आर. पाटलांना या संतापात नक्षलवादी दिसले. आज आपण सहज म्हणतो, 'माध्यमांनी महिनाभर खैरलांजी दाबली.' अर्धं खरं आहे. इंग्रजीवाले आणि वाहिन्या गप्प होत्या. पण इकडच्या मराठी पत्रांत सुरुवातीच्या दिवसांतच बातमी आली होती, आणि तिचा झरा पोलीस ठाण्यात होता. अनैतिक संबंधाचं किटाळ तिथूनच निघालं. मारलेल्या बाईच्या अब्रूवर शिंतोडे उडवून खुनाला कारण पुरवलं गेलं. जमिनीतून रस्ता काढण्याचा वाद, तिनं दिलेली साक्ष, जातीचा माज, हे सगळं मागं. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ च्या खैरलांजीवरच्या पुस्तकात माध्यमांवर वेगळं प्रकरण लिहिलं ते उगाच नाही.

म्हणून मी म्हणतो, 'माध्यमं गप्प होती' असं लिहिणारा टीकाकार इंग्रजी पेपरची फाइल बघून लिहितो. मराठी फाइल उघडली असती तर त्याला गप्पपणापेक्षा वाईट गोष्ट सापडली असती. बोलणं सापडलं असतं, पोलिसाच्या तोंडचं बोलणं. ते बोलणं हवेत विरलं नाही. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. १४ जुलै २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली, आणि जातीचा कायदा तेव्हाही लागला नाही. भैय्यालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले. जात नावाचं कारण कागदावर न येताच गेले. पहिल्या दिवशीची पहिली ओळ कुणाला विचारून लिहिली जाते, त्यावर शेवटच्या निकालपत्रातली हवा ठरते. एकटी बातमी निकाल देत नाही हे मला कळतं. पण पोलिसाचा कागद, पेपरातली ओळ आणि गावातली कुजबुज एकमेकांना साक्षी होतात, आणि मग सत्याला बाहेरून साक्षीदार उरत नाही.

आता जरा खोलात जाऊ. ५१२ जणांची जात काय होती? त्या तुलनेत हा प्रश्नच नाही. पण त्याच २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमांतल्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची जात मोजली. दलित किती? शून्य. आदिवासी किती? शून्य. त्याआधी दहा वर्षं, १९९६ साली, बी. एन. उनियाल नावाच्या ज्येष्ठ पत्रकारानं 'पायोनियर'मध्ये लिहिलं की एका अमेरिकन बातमीदारानं त्यांना दलित पत्रकाराचं नाव विचारलं आणि त्यांना एकही आठवेना. मग त्यांनी सरकारी अधिस्वीकृतीची यादी काढली. ६८६ नावं. त्यातल्या ४५४ जणांच्या आडनावातच जात दिसत होती, त्यात दलित कुणी नाही. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांना त्यांनी विचारलं. एकही नाही. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी १२१ प्रमुख जागा तपासल्या. १०६ सवर्णांकडे, अनुसूचित जाती-जमातीकडे एकही नाही.

उनियालांचं मला एक आवडतं. त्यांनी आपली यादी, आपली गाळणी, आपला नमुना, सगळं वाचकापुढं ठेवलं. म्हणून तर आज मी त्यांचीही उलटतपासणी करू शकतो. विचार करा, आडनावावरून जात ओळखता येते काय? आपल्यातल्या किती जणांनी शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव बदललं? गावाचं नाव लावलं? आणि एक बडा पत्रकार अचानक विचारतो, 'तुम्ही दलित आहात काय?' तेव्हा न्यूजरूममध्ये जात झाकून बसलेला पोरगा काय उत्तर देईल? 'नाही' म्हणेल. म्हणजे त्या शून्याचे दोन अर्थ निघतात. एक, तिथं कुणी नाही. दोन, असेल तर त्याला 'आहे' म्हणण्याची सोय नाही. दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा भयंकर आहे. उत्तर फक्त उत्तर देणाऱ्यावर ठरत नाही. विचारणारा कोण, आणि विचारताना आजूबाजूला कोण उभं आहे, यावरही ठरतं.

याचा पुरावा आपल्याच गावात आहे. देवळीकडच्या एका गावात एक पत्रकार आला होता. त्याचं नाव सोडा, पेपर सोडा. माणूस भला, पेपरांवर सडकून टीका करणारा, मजुरांबद्दल लिहायला आलेला. बसला मात्र ज्याच्या वावरात बाया कामाला जातात त्याच्याच ओसरीवर. चहा त्याचा, पंखा त्याचा. दोन बायांना तिथंच बोलावलं. 'मजुरी बरोबर मिळते का मावशी?' मावशी म्हणाली, 'भेटते नं बाप्पा, बराबर भेटते.' त्यानं लिहून घेतलं. संध्याकाळी हापशीवर मी तिला विचारलं, मावशी, असं कायले सांगितलं? तर म्हणाली, 'त्याच्यासमोर काय सांगू? उद्या वावरात कोन बलावन मले?' छापून काय आलं ते तुम्हाला कळलंच असेल. मजुरांशी थेट बोलून लिहिलेला लेख! त्यात एक शब्द खोटा नव्हता. तिचेच शब्द होते. जागा खोटी होती.

वर्धा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. ३० एप्रिल १९३६ ला गांधी सेगावला राहायला आले, पुढं त्याचंच सेवाग्राम झालं. त्याच मे महिन्यात बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, कारण लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बोलावून परिषदच रद्द केली होती. गांधी तेव्हा 'हरिजन'चे लिहिते पत्रकार. ११ आणि १८ जुलैच्या अंकांत त्यांनी पुस्तकाचा समाचार घेतला. कोणत्याही सुधारकाला हे भाषण टाळता येणार नाही असं मोकळेपणी म्हटलं, आठ आणे किंमत जास्त आहे, दोन नाहीतर चार आणे करा असंही सुचवलं. आणि आक्षेप काय घेतला? की आंबेडकरांनी साधनं चुकीची निवडली. संशयास्पद वचनं घेतली, पतित हिंदूंचं वागणं घेतलं. धर्म पारखायचा तर त्याच्या उत्तमातल्या उत्तम माणसांवरून. आणि साक्षीदार उभे केले चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम, तिरुवल्लुवर, विवेकानंद.

बघा, भांडण साधनांचंच होतं. बाबासाहेबांनी १९३७ च्या आवृत्तीत उत्तर दिलं. लोकांना अस्सल वचन कोणतं आणि घुसडलेलं कोणतं हे ठाऊक नसतं, त्यांना सांगितलं तेच ते धर्म म्हणून पाळतात. आणि संतांनी देवापुढं माणसं समान मानली, पण माणसामाणसांतल्या जातीविरुद्ध मोहीम काढली नाही. मला यात आणखी एक दिसतं. सेगावात अस्पृश्यांची वस्ती हाकेच्या अंतरावर होती. धर्म कसा आहे हे ठरवायला बंगालच्या चैतन्यांना बोलावलं गेलं, पाण्यासाठी ताटकळणाऱ्या शेजाऱ्याला साक्षीला काढलं नाही. व्यवस्थेचा न्याय तिच्या उत्तम नमुन्यावरून करायचा की तिच्या खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवरून? हा सवाल तेव्हाचा आहे आणि ५१२ पर्यंत तसाच चालत आला आहे.

काही दोस्त म्हणतील, आज एवढे विकाऊ चॅनेलवाले मोकाट असताना साईनाथांसारख्या माणसाकडे बोट कशाला? शत्रूला फावेल. मी म्हणतो, शत्रूला आपल्या कच्च्या आकड्यानं फावतं. विकाऊ माणसाला साधनं विचारून काय उपयोग, तो मालकाचं नाव सांगेल. जो प्रामाणिक आहे त्यालाच विचारता येतं, कारण तो उत्तर देतो. आणि दुसरं असं की मोठ्या माणसाची तुलना आपण जशीच्या तशी घोकत राहिलो तर आपली स्वतःची वही कोरी राहते. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'नं पैसे देऊनसुद्धा त्याची जाहिरात छापली नव्हती. बाबासाहेब 'केसरी'ला नुसत्या शिव्या देत बसले नाहीत. त्यांनी पहिल्याच अंकात मांडलं की इथली पत्रं विशिष्ट जातींचं हित बघतात, आणि मग आपली साधनं आपण उभी केली. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. माध्यमटीका ही आपल्याकडं अशी सुरू झाली. टीका करायची आणि जे त्यांनी गाळलं ते स्वतः भरायचं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले ते याचसाठी, की ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही त्याचं नाव निदान जेलच्या रजिस्टरात तरी लागावं!

म्हणून नागपूर, पुणे, मुंबईत शिकणाऱ्या, मोबाइलवर रोज माध्यमांची टर उडवणाऱ्या दोस्तांनो, तुम्हाला काम सांगतो. दिवाळीनंतर वेचणी सुरू होते. गावाकडं याल तेव्हा एक वही घ्या. आपल्या वस्तीत गेल्या पाच वर्षांत ज्यांनी जीव दिला त्यांची नोंद करा. ठाण्यात धंदा काय लिहिला आणि माणूस खरंच काय करत होता, दोन्ही लिहा. मक्ता होता का, कुणाचा, तोंडी की कागदी. उधारी कुणाची. पेपरात आलं का, आलं तर कुणाच्या सांगण्यावरून. आणि प्रत्येक पानावर हेही लिहा की ही माहिती कुणी दिली, कुठं बसून दिली, कोण ऐकत होतं. मालकाच्या ओसरीवर मिळालेलं उत्तर वेगळ्या पानावर. विधवा बाईनं नाही म्हटलं तर तिचं नाव छापायचं नाही, तिच्या दुःखावर आपला अंक खपवायचा नाही. एका तोंडचं ऐकून पान भरू नका. निदान दोन घरं फिरा, त्यातलं एक बाईचं असू द्या.

आणि अशा पंधरा-वीस वह्या जमल्या की त्यातल्या नोंदी, नावं झाकून, आपण साईनाथांनाही पाठवू. ते वाचतील याची मला खात्री वाटते. त्यांच्या तराजूत एक पारडं आपल्या हातानं भरून पाठवायचं आहे. फॅशनच्या मंचासमोर ५१२ होते हे त्यांनी मोजलं. पऱ्हाटीत वाकलेल्या बाया किती होत्या आणि त्यातल्या किती परतल्या नाहीत, हे मोजायला मुंबईचा कुणी येणार नाही. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी मोकळी ठेवली आहेत. वह्या घेऊन या.

जय भीम.